आजीची गंजिफा संग्रहालयात देताना: घरातल्या कलावस्तूंचं दान नीट कसं करावं

आमच्या घरातून तीन पिढ्यांनी संग्रहालयांना वस्तू दिल्या. पणजोबांनी दिवे दिले, बाबांनी एक तैलचित्र दिलं, आणि आत्याने व मी मिळून आजीचा गंजिफांचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, डाव दिला. दिलं तीनदा, पण रीतसर दिलं ते तिसऱ्या वेळीच. पणजोबांच्या समया बघायला मी एकदा मुद्दाम त्या संग्रहालयात गेले होते. जुन्या वहीत बराच वेळ शोधल्यावर एक ओळ सापडली: ‘पितळी दिवे, नग ४’. कोणी दिले, कुठल्या गावचे, कुठल्या देवापुढे लागायचे, काहीच नाही. घरीही पोचपावती नव्हती. समया बहुधा तिथेच कुठेतरी असतील, पण आमच्या कोणत्या आणि दुसऱ्या कोणाच्या कोणत्या हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

तेव्हापासून मला एक गोष्ट फार वाटते. वस्तूबरोबर तिची हकीकत आणि तिच्या हक्काचा कागद गेला नाही, तर दान अर्धंच होतं. हे काम माणूस हयात असताना, सगळे शुद्धीवर आणि बोलण्याच्या मनःस्थितीत असताना करायचं असतं. आम्ही ते कसं केलं आणि तुम्हाला ते कसं करता येईल, हे पायरीपायरीने लिहिते आहे.

आधी एक मोठं उदाहरण. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याची पायाभरणी १९०५ मध्ये झाली. जॉर्ज विटेटने आखलेली इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं आणि लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ च्या जानेवारीत. सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले. त्यांनी जमवलेल्या कलावस्तू संग्रहालयाला १९२१ मध्ये मिळाल्या, दारं उघडण्याच्याही आधी. थोरले भाऊ सर दोराबजी १९३२ मध्ये गेले आणि १९३३ मध्ये त्यांचाही संग्रह तिथेच आला. एका भावाने जिथे दिलं तिथेच दुसऱ्याने दिलं, म्हणून आज दोघांची आवड एका छताखाली बघता येते. आपल्यासारख्यांच्या घरी जेड आणि युरोपियन चित्रं नसतील, पण रीत तीच आहे: जागा ठरवायची, कागद करायचा, आणि पुढच्या माणसाला वाट दाखवून ठेवायची.

पायरी पहिली: वस्तू नक्की कोणाची आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो आणि सगळ्यात जास्त मनं इथेच दुखावतात. ‘आमच्या घरातली’ ही भाषा जेवणाच्या पंगतीला ठीक आहे, दानपत्रावर चालत नाही.

आमचा गंजिफांचा डाव आजी लग्नात माहेरून, सावंतवाडीकडून, घेऊन आली होती. म्हणजे तो तिच्या स्वतःच्या मालकीचा. आजीने मृत्युपत्र केलं नव्हतं आणि आजोबा तिच्या आधीच गेले होते, त्यामुळे तो बाबांचा आणि आत्याचा झाला. बाबा गेल्यावर त्यांचा वाटा आईकडे, माझ्याकडे आणि दादाकडे आला. एका लाकडी पेटीला असे चार मालक निघाले. आत्या म्हणाली, “अगं, मी म्हणते ना दे म्हणून!” पण तेवढ्याने भागत नाही. चौघांच्या सह्यांचं संमतीपत्र करावं लागलं. दादा परदेशात असतो, त्याची सही यायला दोन महिने गेले.

वस्तू वडिलोपार्जित असेल तर आणखी जपून. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला फक्त आपला हिस्साच मृत्युपत्राने देता येतो, पूर्ण वस्तू नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून त्या हिश्शात मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला, आत्याला ‘कळवू नंतर’ म्हणून वगळू नका. उद्या तिने हरकत घेतली तर संग्रहालयाला वस्तू परत करावी लागेल, आणि एकदा असा अनुभव आला की ते लोक पुढच्या कुटुंबाकडेही संशयाने बघतात.

पायरी दुसरी: हात लावू नका, नुसती यादी करा

दान द्यायचं ठरलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया असते ती वस्तू स्वच्छ करण्याची. चिंच आणि मीठ घेऊन समई घासायला बसतात. कृपा करून हे करू नका. धातूवर वर्षानुवर्षं चढलेला थर हा त्या वस्तूच्या वयाचा पुरावा असतो, आणि घासताना कोरीव कामाच्या कडा झिजतात त्या वेगळ्याच. बाबांनी दिलेल्या तैलचित्रावर एका काकांनी ‘चमक यावी’ म्हणून बाजारातलं व्हार्निश फासलं होतं. ते काढायला संवर्धन करणाऱ्या बाईंना चित्राहून जास्त कष्ट पडले. पोथी फाटली असेल तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पैठणी घडी घालून ठेवली असेल तर घडीवर जरीची तार तुटते. ती धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात सैलसर गुंडाळून ठेवा.

यादी साध्या वहीत केली तरी चालेल. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, वर्णन, सेंटिमीटरमध्ये मापं, धातूची असेल तर वजन, कुठे तडा गेलाय, काय हरवलंय, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो. मागची बाजू आणि तळही टिपायचे, कारण कारागिराची खूण किंवा कोरलेलं नाव तिथेच असतं. वस्तूवर स्टिकर चिकटवू नका, पेनाने काही लिहू नका. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा.

गंजिफांची यादी करताना आमचा एक गोंधळ झाला, तो सांगते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पानं असतात. आमची ११९ च भरली. एकशेविसावं होतं ते पुठ्ठ्याचं. परशुरामाची पंजी कधीतरी हरवली तेव्हा आजोबांनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापून त्यावर निळ्या शाईने पाच परशू काढले होते. एक परशू उलटा आला होता. लाखेच्या चकचकीत पानांत ते पान इतकं केविलवाणं दिसायचं की आत्याने ते बाजूला काढून ठेवलं. संग्रहालयातल्या अभिरक्षक (क्युरेटर) बाईंनी यादी वाचली आणि सगळ्यात आधी तेच मागितलं. हा डाव खरोखर खेळला गेला, घरात तो मोडू द्यायचा नव्हता, हे त्या एका पानावरून कळतं, असं त्या म्हणाल्या. तेव्हा ‘बिनकामाचं’ म्हणून काहीही वगळू नका. जुनी पेटी, बांधायचं फडकं, दुकानाची पावती, सगळं यादीत येऊ द्या.

पायरी तिसरी: हकीकत लिहून घ्या, आज

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापुढे वस्तू ठेवा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि बोलू द्या. ‘हे किती जुनं आहे?’ असं विचारलं की हमखास ‘दोनशे वर्षांचं’ असं उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: तुमच्या लहानपणी हे कुठे ठेवलेलं असायचं? कोण वापरायचं? कोणत्या सणाला बाहेर निघायचं? कोणाला हात लावायची परवानगी नव्हती?

आत्या अशीच बोलता बोलता सांगून गेली की दिवसा खेळायला बसलं की ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची पहिली उतारी, आणि दिवेलागणीनंतर बसलं तर कृष्णाच्या राजाची. आजी म्हणे खिडकीबाहेर बघून ठरवायची, अजून राम आहे की कृष्ण आला. ही पानं संग्रहालयांच्या कपाटांत पुष्कळ ठिकाणी बघायला मिळतात. ती घरात कशी खेळली जायची हे सांगणारी माणसं मात्र संपत चालली आहेत.

ऐकलेलं आणि माहीत असलेलं वेगळं लिहा. ‘आजी सांगे की…’ आणि ‘पावतीवर असं लिहिलं आहे की…’ या दोन ओळींचं वजन वेगळं असतं. खाली तारीख, सांगणाऱ्याचं नाव, लिहिणाऱ्याची सही.

पायरी चौथी: कायदा

इथे घाई नको. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा सांगतो की शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावशेष असते. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत आणि लाकूड यांतली जुनी शिल्पं, जुनी चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. नोंदलेल्या वस्तूचा मालक बदलला की तेही कळवावं लागतं. साध्या पितळी समईचा प्रश्न सहसा येत नाही, पण तिच्यावर मूर्ती असेल तर विचारून घ्या. संग्रहालयातली मंडळी यात मदत करतात, फक्त ‘नोंद नाही’ हे त्यांच्यापासून लपवू नका.

मुलं अमेरिकेत किंवा दुबईत आहेत आणि ‘आम्ही घेऊन जातो’ म्हणत आहेत, अशी घरं आता खूप. शंभर वर्षांपुढची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, भाच्याच्या सुटकेसमध्ये घालूनही नाही. रवींद्रनाथ टागोर, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, राजा रविवर्मा अशा काही चित्रकारांच्या कलाकृती बहुमूल्य कलाकृती म्हणून जाहीर झाल्या आहेत. त्यांना तर शंभर वर्षांची अटही नाही. हस्तिदंती फणी, वाघनखाचं लॉकेट, कातडी, शिंगं यांना वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. वन विभागाशी बोलल्याशिवाय ती कोणाला देऊ नका.

रविवर्म्याचं नाव निघालंच आहे तर एक सांगायला हवं. देवघरात फ्रेम केलेली लक्ष्मी किंवा सरस्वती बहुतेक वेळा त्यांच्या छापखान्यात छापलेली असते. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. खालच्या काठावर छापखान्याचं नाव असतं का बघा, आणि भिंग लावल्यावर रंगाचे बारीक ठिपके दिसतात का तेही. छापील असलं म्हणून ते टाकाऊ होत नाही. फक्त ‘अस्सल रविवर्मा’ असं मृत्युपत्रात लिहून ठेवू नका.

पायरी पाचवी: योग्य जागा शोधा

मोठं नाव म्हणजे योग्य जागा असं नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, जन्मभर जमवलेल्या अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, पेट्या यांचं संग्रहालय लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं आणि हयातीतच ते सरकारच्या स्वाधीन केलं. रोजच्या वापरातली देखणी वस्तू तिथे शोभते. सातारा जिल्ह्यातल्या औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःच्या संस्थानात चित्रांचं संग्रहालय बांधलं. साताऱ्याकडच्या चित्रकाराचं काम कदाचित तिथे जास्त समजून घेतलं जाईल. पोथ्या आणि कागदपत्रं कलासंग्रहालयापेक्षा १९१० च्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या किंवा १९१७ च्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेसारख्या ठिकाणी अभ्यासकांच्या हाताला लागतात.

आधी नुसते प्रेक्षक म्हणून तिकीट काढून जा. ओल आहे का, चिठ्ठ्यांवर देणाऱ्याचं नाव लिहितात का, बघा. मग अभिरक्षकांना पत्र लिहा, सोबत यादी आणि फोटो जोडा, आणि भेटीची वेळ मागा. पिशवीत वस्तू घालून थेट दारात उभं राहू नये. भेटीत विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत: तुमच्याकडे अशा वस्तू किती आहेत, ही कुठे ठेवाल, स्वीकारायचा निर्णय कोणती समिती घेते, आणि आमच्या घरच्यांना पुढे ती बघता येईल का.

नकार येईल. आम्हाला एका ठिकाणाहून आला होता. आत्या दोन दिवस जेवली नव्हती नीट. पण त्यांच्याकडे तशी गंजिफा आधीच होती आणि ठेवायला जागा नव्हती. त्यांनी खरं सांगितलं हेच बरं केलं. मनाविरुद्ध स्वीकारलेली वस्तू माळ्यावर जाऊन पडते.

पायरी सहावी: आत्ता द्यायचं की मागे ठेवून जायचं

हयातीत द्यायचं असेल तर दानपत्र. जंगम वस्तूचं दान वस्तू प्रत्यक्ष ताब्यात देऊनही पूर्ण होतं, पण आमच्या समयांचं काय झालं ते वर वाचलंच आहे, तेव्हा लेखी कराच. देणारा जिवंत असतानाच घेणाऱ्याने दान स्वीकारलं पाहिजे, ही कायद्याची अट आहे; म्हणून दानपत्रावर संग्रहालयाच्या अधिकाऱ्याची स्वीकृतीची सही हवी. ‘पुढे कधीतरी देईन’ असं नुसतं पत्र कोणावर बंधनकारक नसतं.

वस्तू अखेरपर्यंत डोळ्यांसमोर हवी असेल तर मृत्युपत्र. आत्याची पैठणी अशीच ठेवली आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर केलं तरी चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, त्याचं देणं रद्द होऊ शकतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. वय झालेलं असेल तर त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. आत्याच्या मृत्युपत्रातला मजकूर थोडा बदलून देते:

‘माझ्या मालकीची, सोबतच्या यादीत क्रमांक ७ असलेली व फोटो जोडलेली पैठणी मी अमुक संग्रहालयाला देते. माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत त्यांनी ती लेखी स्वीकारली नाही, तर ती तमुक संस्थेला द्यावी. त्यांनीही न स्वीकारल्यास ती माझ्या भाचीने ठेवावी किंवा तिला योग्य वाटेल त्या सार्वजनिक संग्रहाला द्यावी. बांधणीचा व नेण्याचा खर्च माझ्या बचत खात्यातून करावा.’

तिसरं वाक्य विसरलं तर सगळं अडून बसतं. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर म्हणून असं माणूस नेमा ज्याला यादीची वही कुठल्या कपाटात आहे हे माहीत आहे. वकिलांना एकदा दाखवून घ्या. आणि मृत्युपत्रात नाव घालण्याआधी संग्रहालयाला विचारा. त्यांना पहिली बातमी तेराव्यानंतर मिळू नये.

घरातल्याच कोणी चित्रं काढलेली असतील तर ती छापण्याचा हक्क चित्राच्या मालकीपासून वेगळा असतो आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. संग्रहालयाला पुस्तिकेत चित्र छापता यावं असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

अटी घालताना

‘कायम दर्शनी ठेवावी’ ही अट घालू नका. केळकर संग्रहालयात २० हजारांवर वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या असतात त्या अडीच हजारांच्या आसपास. कापड आणि कागद तर उजेडापासून विश्रांती दिली तरच टिकतात. मागण्यासारखं बरंच आहे: चिठ्ठीवर देणाऱ्यांचं नाव कसं लिहायचं, पूर्वसूचना देऊन कुटुंबाला वस्तू बघता यावी, चांगला फोटो मिळावा, आणि संग्रहालयाला ती कधी नकोशी झाली तर विकण्याआधी दुसऱ्या सार्वजनिक संग्रहालयाला द्यावी. आम्ही चिठ्ठीवर आजीचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहायला लावली.

पैशाचंही बोलावं. वस्तू सांभाळायला पेटी लागते, हवा कोरडी ठेवावी लागते, माणूस लागतो. जमेल तेवढी रक्कम वस्तूबरोबर द्या. जुन्या करपद्धतीत प्राप्तिकराची सवलत पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही, आणि रोखीने दोन हजारांपर्यंतच. म्हणून चेकने द्या आणि पावती घ्या. आम्ही चौघं आजीच्या तिथीला मिळून थोडी रक्कम पाठवतो. मोठी नाही, पण चुकवलेली नाही.

शेवटचा दिवस

बांधायला वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते. धुतलेला मांजरपाट, त्यावर मऊ पातळ कागद, मग खोकं. शक्यतो घरच्या माणसाने हातात धरून न्यावं. तिथे यादीतली प्रत्येक ओळ दोघांनी मिळून तपासायची आणि दोन प्रतींवर सह्या करायच्या. त्या दिवशी मिळते ती पोच. समितीने मंजुरी दिल्यावर काही आठवड्यांनी नोंदवहीतला दाखल क्रमांक मिळतो, तो पत्र पाठवून मागून घ्या. आमच्या समयांचा असा क्रमांक घरी असता तर मला त्या वहीपुढे तसं उभं राहावं लागलं नसतं.

पेटी देताना आत्याने पानं शेवटची एकदा मोजली. पुठ्ठ्याची पंजी सगळ्यात वर ठेवली. बाहेर ऊन होतं. ती अभिरक्षक बाईंना म्हणाली, “आत्ता रामाची उतारी बरं का.” बाईंनी ते वाक्यही नोंदीत लिहून घेतलं. दाखल क्रमांक आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, त्याखाली माझ्या भाचीने तिच्या अक्षरात पैठणीची ओळ लिहिली आहे आणि क्रमांकाची जागा मोकळी सोडली आहे.